मतदार यादीतील नाव

२०१९ सालच्या विधानसभा निवडणुकीच्या दिवशीची ही हकिकत आहे. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या वस्तीतील एक वयोवृद्ध उपासिका मतदान केंद्रावरून परत आल्या. पांढरे लुगडे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले मतदार ओळखपत्र आणि चेहरा पडलेला. चाळ पुनर्विकासासाठी पाडली गेल्यापासून त्या इतरांसारख्याच संक्रमण शिबिरात राहात होत्या आणि मत देण्यासाठी दोन बस बदलून जुन्या केंद्रावर आल्या होत्या. केंद्राध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. "आजी, तुमचं कार्ड खरं आहे, पण यादीत नाव नाही. मी काय करू?" एवढेच ते म्हणाले. आजींचे उत्तर आम्ही अजून विसरलो नाही. "मी कुठं गेले रे बाळा? चाळ पाडली म्हणून तिकडं राहते. बोलावलं की येते."

नंतर चौकशी केली तेव्हा समजले की पाडलेल्या चाळीतील बहुतेक रहिवाशांची नावे 'स्थलांतरित' असा शेरा मारून वगळण्यात आली होती. नोटीस काढली होती का? काढली होती, असे सांगण्यात आले. ती कोठे पाठविली? चाळीच्या पत्त्यावर. म्हणजे जेथे आता दगड-विटांचा ढीग होता त्या जागेवर. कायद्याच्या कागदावर सर्व काही रीतसर होते, आणि तरीही वर्षानुवर्षे न चुकता मत देणारी एक स्त्री त्या दिवशी मताविना घरी गेली.

मतदानाचा हक्क घटनेने दिला हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु तो हक्क बजावण्याचा दरवाजा म्हणजे मतदार यादी, आणि त्या दरवाज्याची किल्ली कोणाच्या हाती असते, नाव कसे चढते, कसे उतरते, याविषयी आपल्यात फार थोडी माहिती आहे असे आम्हास वाटते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय घेतला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९१९ सालच्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण भीमराव आंबेडकरांनी अस्पृश्य वर्गाला मताधिकार मिळावा यासाठी युक्तिवाद केला, तेव्हा मत हे मालमत्तेशी बांधलेले होते. शेतसारा, घरपट्टी, प्राप्तिकर भरणाऱ्याचे नाव यादीत, बाकीचे बाहेर. गावकुसाबाहेरच्या माणसाजवळ सारा भरण्यापुरती जमीनच नव्हती, मग नाव कोठून येणार? १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १९३२ च्या पुणे करारात राखीव जागांसाठी आधी दलित मतदारांनी चार उमेदवारांची निवड करावयाची अशी तरतूद झाली. पण ही निवड करणारे कोण? तर सर्वसाधारण मतदार यादीत ज्यांची नावे नोंदलेली आहेत तेच. १९३५ च्या कायद्यानेही मालमत्तेची अट पुरती गेली नाही, त्यामुळे बहुसंख्य दलित जनता त्या निवडणुकांना बाहेरूनच पाहात राहिली. करारावर सही झाली तरी यादीत नाव असल्याशिवाय तिचा उपयोग नाही, हा अनुभव आपल्या समाजाने तेव्हापासून घेतलेला आहे.

आता जून १९४९ कडे येऊ. संविधान सभेच्या सचिवालयाच्या देखरेखीखाली १९४८ पासूनच देशभर प्रौढ मताधिकाराच्या याद्या करण्याचे काम चालू झाले होते. फाळणीमुळे लाखो निर्वासित इकडून तिकडे गेले होते. घटनेच्या मूळ मसुद्यात प्रत्येक प्रांताच्या निवडणुकांसाठी वेगळा आयोग असावा अशी योजना होती. १५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी ती बदलून सर्व देशासाठी एकच मध्यवर्ती निवडणूक आयोग असावा अशी दुरुस्ती मांडली. आजचे कलम ३२४ ते हेच. या बदलाचे जे कारण त्यांनी सभागृहाला सांगितले ते प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावे असे आहे. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे यादीत येऊ नयेत अशी व्यवस्था केली जात असल्याच्या तक्रारी आपल्याकडे आल्या आहेत, असे ते म्हणाले. ज्याला मताचा हक्क आहे असा एकही माणूस केवळ स्थानिक सरकारच्या पूर्वग्रहामुळे किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीमुळे यादीबाहेर राहता कामा नये, तसे झाले तर लोकशाहीच्या मुळावरच घाव बसेल, हा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

निवडणूक आयोग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आचारसंहिता, मतपेट्या आणि निकाल येतात. परंतु आयोग स्वतंत्र व मध्यवर्ती असावा हा विचार पक्का होण्यामागे मतदार यादीतील अन्याय हे एक मोठे कारण होते, ही गोष्ट आम्हास फार मोलाची वाटते. बाबासाहेबांनी धोका ओळखला तो मतमोजणीच्या आधी, यादीच्या टप्प्यावर. त्याला जोडून कलम ३२५ आले. प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी, आणि केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणाने कोणीही त्या यादीला अपात्र ठरणार नाही. कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. तेव्हा वय एकवीस होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते अठरा झाले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. त्या वेळची एक गोष्ट आमच्या महिला मंडळात सांगितली की आजही हळहळ व्यक्त होते. उत्तर भारतातील कित्येक राज्यांत नोंदणीसाठी गेलेल्या कर्मचाऱ्यांना स्त्रियांनी स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, अशी नोंद झाली. अशा नोंदी चालणार नाहीत, स्त्रीचे स्वतःचे नाव हवे, असा आग्रह आयोगाने धरला आणि नाव न मिळाल्याने सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. यावर दोन मते होऊ शकतात. स्त्रीला तिच्या नावाने ओळखले जावे हा आग्रह योग्यच होता आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत परिस्थिती बरीच सुधारली. पण चुकीची शिक्षा भोगली ती त्या स्त्रियांनी, ज्यांनी तशी नोंद लिहून घेतली त्यांनी नव्हे. यादी शुद्ध करण्याची किंमत नेहमी दुबळ्याच्या खिशातून जाते, याचे हे स्वतंत्र भारतातील पहिले उदाहरण म्हणावे लागेल.

यादी शुद्ध असावी याबद्दल वाद नाही. मयताचे नाव राहिले की त्या नावावर दुसरा कोणी मत टाकण्याचा संभव राहतो. एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी असले की आपल्या एका मताची किंमत तेवढ्या प्रमाणात घटते. एक माणूस एक मूल्य ही भाषा करणाऱ्यांनी बोगस नावांकडे कानाडोळा करून कसे चालेल? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानेही एका व्यक्तीचे नाव एकापेक्षा अधिक मतदारसंघांत, किंवा एकाच मतदारसंघात एकापेक्षा अधिक वेळा असू नये असे स्पष्ट सांगितले आहे. प्रश्न एवढाच की, नाव काढावयाचे तर कोणी, कशाच्या आधारे आणि कोणाला विचारून?

याचे कायदेशीर उत्तर बरेच चांगले आहे, पण ते लोकांपर्यंत पोहोचत नाही. मतदार नोंदणी अधिकारी स्वतःहून किंवा कोणाच्या अर्जावरून नाव वगळू शकतो. मात्र मतदार आता तेथील रहिवासी राहिला नाही किंवा अन्य कारणाने त्याचा हक्क राहिला नाही, असे म्हणावयाचे असेल, तर त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे. निर्णय मान्य नसेल तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आणि त्यानंतर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते. खोटे निवेदन देऊन दुसऱ्याचे नाव वगळण्याचा किंवा चढविण्याचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षेची तरतूद आहे.

या "वाजवी संधी"चा अर्थ काय, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी १९९५ रोजी एका प्रकरणात उलगडून सांगितले. लाल बाबू हुसेन विरुद्ध मतदार नोंदणी अधिकारी असे त्याचे नाव. हे प्रकरण आपल्या मुंबईशी व दिल्लीशी संबंधित आहे म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १९९४ च्या सुमारास या दोन शहरांतील काही वस्त्यांतील लोकांना नोटिसा आल्या की तुम्ही भारतीय नागरिक आहात हे सिद्ध करा, नाहीतर नाव कमी होईल. पुरावा म्हणून जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचा दाखला अशा मोजक्या कागदांवर भर होता. हातावर पोट असलेल्या माणसाच्या घरात यांपैकी एकही कागद सापडणे कठीण. आपल्या आईवडिलांच्या पिढीत कितीजणांचे जन्मदाखले होते हे वाचकांनीच आठवून पाहावे. शाळेच्या मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली एक जून ही जन्मतारीख अनेकांच्या नशिबी आहे.

न्यायालयाने त्या कारवाया रद्द केल्या आणि काही दंडक घालून दिले. एखाद्याचे नाव आधीच्या यादीत आहे याचा अर्थ ते घालताना अधिकाऱ्याने तपासणी केली होती असे प्रथमदर्शनी मानले पाहिजे. त्यामुळे ते काढू पाहणाऱ्याने काही ठोस आधार दाखविला पाहिजे. नोटिशीत संशयाचे कारण आणि त्यामागची माहिती दिली पाहिजे, म्हणजे मतदाराला उत्तर देता येईल. केवळ पोलिसांच्या अहवालावर विसंबून चालणार नाही. मतदार जो काही पुरावा आणील तो सर्व विचारात घेतला पाहिजे, अमुकच कागद आण असा हट्ट धरता येणार नाही. आणि हे काम करताना अधिकारी अर्धन्यायिक भूमिकेत असतो, म्हणून त्याने स्वतःची बुद्धी वापरून निर्णय दिला पाहिजे.

साध्या भाषेत सांगावयाचे तर नाव नव्याने चढविताना अर्जदाराने आपली पात्रता दाखवावी हे रास्त आहे. पण एकदा चढलेले नाव ही त्या माणसाची कमाई आहे आणि ती हिरावून घ्यायची तर सिद्ध करण्याचा भार हिरावणाऱ्याने उचलावा. यादी राखण्यातील सगळा न्याय या एका फरकात आहे असे आमचे मत झाले आहे. हा भार उलटा फिरला की नियम तोच राहतो, फॉर्म तोच राहतो, पण फळ वेगळे निघते.

हा भार कसा उलटतो याचे ताजे उदाहरण म्हणजे २०२५ मधील बिहार. निवडणूक आयोगाने २४ जून २०२५ रोजी तेथे विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश काढला. मृत्यूंची नोंद न होणे, स्थलांतर, दुबार नावे आणि परकीय नागरिकांची नावे ही कारणे आयोगाने दिली आणि त्यांतील बरीचशी खोटी म्हणता येणार नाहीत. पण पद्धत अशी ठेवली की आधीच यादीत असलेल्या प्रत्येकाने नवा अर्ज भरावा, आणि २००३ च्या यादीत ज्यांचे नाव नव्हते त्यांनी अकरा कागदांपैकी एखादा कागद द्यावा. सुमारे ७ कोटी ८९ लाख मतदारांपैकी १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७ कोटी २४ लाख उरले. सुमारे ६५ लाख नावे गळाली. मयत, स्थलांतरित वा न सापडलेले, आणि दुबार, अशी कारणांची वर्गवारी आयोगाने सांगितली, पण कोणाचे नाव कोणत्या कारणाने गेले हे लोकांना पाहता येत नव्हते. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ही यादी कारणांसह मतदान केंद्रनिहाय प्रसिद्ध करण्यास सांगितले. पुढे आधार कार्डही ओळखीचा बारावा पुरावा म्हणून घेण्याचा आदेश झाला. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख मतदार होते. कागदोपत्री मयत ठरलेली जिवंत माणसे न्यायालयात उभी करण्यात आली होती, हेही वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत असे पुनरीक्षण जाहीर झाले.

आम्ही आयोगाच्या हेतूवर बोट ठेवीत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. गळालेल्यांची यादी कारणासह भिंतीवर लागली, तर शेजारीच सांगू शकतो की अहो, हा तर काल माझ्याबरोबर चहा प्यायला. यादी गुप्त राहिली तर ही साधी, बिनखर्ची तपासणी होतच नाही.

आपल्या राज्याकडे वळू. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पुणे व मुंबई येथे कित्येक सुशिक्षित, नोकरदार मतदारांना केंद्रावर गेल्यावर कळले की आपले नाव नाही. तेव्हा फार ओरड झाली आणि एका निवडणूक आयुक्तांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. आमच्या एका सभासदांनी त्या वेळी थोडे खोचकपणे म्हटले होते की, झोपडपट्टीतील माणसाला हा अनुभव दर निवडणुकीला येतो, फरक एवढाच की त्याची माफी कोणी मागत नाही. हे बोलणे कडवट असेल, पण विचार करण्यासारखे आहे. ज्याचे घर बदलत नाही, दारावर पाटी आहे, टेलिफोन आहे, त्याच्याकडे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी गेला तर कोणीतरी भेटतेच. भाड्याच्या खोलीत राहणारा, दिवसभर नाक्यावर किंवा साइटवर असणारा माणूस दुपारी दोन वाजता घरी कसा भेटणार? कुलूप दिसले की शेरा पडतो.

ऊसतोड कामगारांचे तर याहून बिकट. बीड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या आसपास कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या फडावर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. यादीचे वार्षिक पुनरीक्षण सहसा याच काळात चालते. गावात घराला कुलूप, म्हाताऱ्या आईला फॉर्म समजत नाही. अशा वेळी लक्षात ठेवावे की, कामानिमित्त तात्पुरता बाहेर गेलेला माणूस केवळ त्या कारणाने गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही. हे अधिनियमाच्या विसाव्या कलमातच लिहिलेले आहे. आपल्या गावाकडील नातेवाइकांना हे एक वाक्य जरी कळविले तरी उपयोग होईल. त्याचप्रमाणे ज्यांना घरच नाही, पुलाखाली किंवा पदपथावर झोपतात, त्यांनाही नाव नोंदविता येते. पत्त्याचा कागद मागू नये, अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो माणूस तेथे झोपतो काय हे पाहावे, अशा आयोगाच्या सूचना आहेत. भटक्या-विमुक्त बांधवांत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी याचा आग्रह धरावा.

दुबार नावांचा प्रश्न आपल्या समाजाला एका खास कारणाने भेडसावतो, ज्याकडे अजून फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. हल्ली संगणक नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय असे जुळवून सारख्या नोंदी शोधतो. छायाचित्रेही जुळवितो. आता आपल्या वस्तीतील नावे पाहा. धम्मदीक्षेनंतर जन्मलेल्या पिढ्यांत भीमराव, रमा, यशोधरा, सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता ही नावे घरोघर आहेत आणि आडनावेही मोजकीच. एकाच प्रभागात एकाच वयाच्या दोन रमा, दोघींच्या पतींचे नाव एकच आणि आडनावही एकच, हे आमच्याकडे प्रत्यक्ष आहे. संगणकाला त्या एक वाटल्या तर दोष त्याचा नाही. पण पुढचे काम माणसाने करावयाचे असते. घरी जाऊन दोघींना पाहिले तर प्रश्न पाच मिनिटांत मिटतो. न पाहताच एक नाव काढले तर एका रमाचे मत जाते. २०२५ मध्ये आपल्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांच्या याद्यांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारकांची खूण करण्याचे ठरविले. अशा मतदाराकडून दुसरीकडे मत दिले नसल्याचे लेखी घ्यावे अशी ती व्यवस्था. ती आम्हास त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण तीत संशय नोंदला जातो पण नाव पुसले जात नाही.

खऱ्या दुबार नावांची जबाबदारी मात्र आपलीही आहे. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहते आणि सासरी नवीन चढते. नोकरीसाठी शहरात आलेला मुलगा गावचे नाव 'असू द्या' म्हणतो. गावच्या ग्रामपंचायतीला मत द्यायला जाता यावे हा त्यामागचा भाव आम्ही समजू शकतो, पण तो कायद्याला धरून नाही. स्थलांतरासाठी आता नमुना ८ आहे. तो भरला की जुन्या ठिकाणचे नाव नव्या ठिकाणी हलते. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेल्यास नमुना ६ भरावा लागे. ऑगस्ट २०२२ पासून नमुना ६ केवळ प्रथम नोंदणी करणाऱ्यांसाठी ठेवला आहे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी घरची किंवा वसतिगृहाची, कोणतीही एकच जागा निवडावी. वसतिगृहावर नोंदवायचे असेल तर संस्थाप्रमुखांचा दाखला लागतो. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. आणि पूर्वी १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता, आता जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा आहेत.

दुसऱ्याचे नाव वगळण्यासाठी किंवा हरकत घेण्यासाठी नमुना ७ असतो. हा फॉर्म दुधारी आहे. सोलापूर जिल्ह्याला लागून कर्नाटकात आळंद मतदारसंघ आहे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी तेथे नावे वगळण्याचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. संशय आल्याने प्रत्यक्ष पडताळणी झाली तेव्हा त्यांपैकी केवळ २४ खरे निघाले आणि पोलिसांत गुन्हा नोंदविण्यात आला. ज्यांच्या नावाने अर्ज झाले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ती नावे वाचली ती घरोघर जाऊन विचारल्यामुळे. खिडकीत न बसता उन्हात फिरणारा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा तलाठी हीच यादीची खरी राखण आहे, आणि त्यांच्यावर इतर किती कामांचा बोजा असतो हेही आपण विसरू नये. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा त्यांना गल्ली दाखवायला एक मुलगा बरोबर दिला तर काम अधिक नीट होते, असा आमचा अनुभव आहे.

मतदानाच्या दिवशी भांडून उपयोग नसतो, हेही सांगून ठेवतो. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते नाव चढत नाही की उतरत नाही. ओळखपत्र हातात असणे वेगळे आणि नाव यादीत असणे वेगळे. महानगरपालिका किंवा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागवार फोडतो, त्यामुळे मूळ यादीत नाव नसेल तर तेथेही नाही. जे काही करायचे ते प्रारूप यादी लागल्यावर, हरकतींच्या मुदतीत.

म्हणून २०२० पासून आम्ही दरवर्षी प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या सभागृहात यादीवाचन ठेवतो. महाविद्यालयातील मुले भागनिहाय यादी छापून आणतात आणि एकजण मोठ्याने नावे वाचतो. ज्याचे नाव आले तो "आहे" म्हणतो. ज्याचे आले नाही त्याचा अर्ज तेथेच भरला जातो. प्रारंभी लोकांना गंमत वाटली, आता बायका पोळ्या लाटायच्या ठेवून येतात. संक्रमण शिबिरातील त्या आजींचा नवा पत्त्याचा अर्ज असाच भरला. २०२४ मध्ये त्यांनी नव्या केंद्रावर मत दिले. एकच बस लागली म्हणून त्या खूश होत्या.

या वाचनात एक अडचण दरवर्षी येते. मयतांची नावे. कोणाच्याही घरातील मयत व्यक्तीचे नाव वाचले की सभागृह शांत होते. नाव वगळण्याचा फॉर्म पुढे केला की घरची माणसे तो घ्यायला कचरतात. दोन वर्षांपूर्वी एका तरुण सभासदाने सरळ नकार दिला. त्याचे वडील गिरणी कामगार. रेशनकार्डातून त्यांचे नाव गेले होते, खोलीच्या कागदांवर भावाचे नाव चढले होते. "आता एवढ्याच ठिकाणी ते राहिलेत," असे तो म्हणाला. कोणी त्याला उपदेश केला नाही. पुढच्या रविवारी तो स्वतःच आला. यादीच्या त्या पानाची झेरॉक्स त्याने मागून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि मग नमुना ७ वर सही केली.